यीस्टचा सातबारा

सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर पहिलं काम म्हणजे सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेस उघडायचा. आम्ही सगळे त्याला नुसतं एसजीडी म्हणतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तो सांभाळला जातो. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सुमारे सहा हजार जनुकं आहेत आणि प्रत्येक जनुकाचं तिथं स्वतःचं पान आहे. माझे वडील शेतीच्या कागदांबद्दल फार जागरूक होते. दर वर्षी उतारा काढून आणायचे, एकेक ओळ बोट ठेवून वाचायचे. एसजीडीवरचं जनुकाचं पान मी तसंच वाचते. गट नंबर, हद्द, नाव, जुनी नावं, पीकपाहणी, फेरफार, सगळं त्यात असतं. फेरफार दिसला की वहीत टिपून ठेवते. ही त्यातली काही टिपणं.

०

नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी एकच पत्ता वाचायला शिकवते: वायबीएल०७८सी.

वाय म्हणजे यीस्ट. बी म्हणजे दुसरं गुणसूत्र, कारण ए ते पी या सोळा अक्षरांत सोळा गुणसूत्रं बसतात. एल म्हणजे गुणसूत्राची डावी बाजू. ०७८ म्हणजे गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरपासून, म्हणजे दोन बाजू जिथं जुळतात त्या जागेपासून, मोजत गेलं की अठ्ठ्याहत्तरावं. शेवटचा सी म्हणजे क्रिक, डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक. दुसऱ्या धाग्याला डब्ल्यू, म्हणजे वॉटसन. पत्ता नुसता वाचला तरी जनुक कुठं राहतं, कोणत्या दिशेला तोंड करून बसलं आहे, ते कळतं. एवढ्या नेमक्या पत्त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

०

याच वायबीएल०७८सीचं रोजच्या वापरातलं नाव एटीजी८. पानावर त्याच्याखाली जुनी नावंही दिसतात: एपीजी८, एयूटी७, सीव्हीटी५. पेशी स्वतःचाच जुनापुराणा भाग गुंडाळून पचवते, त्या क्रियेत हे जनुक लागतं. योशिनोरी ओसुमी यांनी १९९३ साली यीस्टमध्ये अशी क्रिया बिघडलेले पंधरा प्रकार वेगळे काढले आणि २०१६ साली त्यांना नोबेल मिळालं. मधल्या काळात वेगवेगळ्या प्रयोगशाळा वेगवेगळ्या वाटांनी त्याच जनुकांपाशी पोचल्या आणि प्रत्येकीनं आपापलं नाव ठेवलं. एकाच जनुकाला तीन-तीन नावं. २००३ साली सगळ्यांनी बसून एटीजी हे एकच नाव मान्य केलं.

उताऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो, नाव खोडून नाहीसं करत नाहीत. इथंही तसंच. १९९८ चा एखादा निबंध वाचताना एयूटी७ दिसलं, ते शोधपेटीत टाकलं, की थेट एटीजी८ च्या पानावर पोचता येतं. त्या जुन्या निबंधातलं काम वाया जात नाही. नाव बदलताना जुनं नाव जपणं हे मला या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत सुसंस्कृत काम वाटतं.

०

आवृत्त्यांचे आकडे. आर६४-१-१, आर६४-२-१, आर६४-३-१. यातला पहिला आकडा मूळ अक्षरक्रमाचा. तो बदलला म्हणजे डीएनएचं एखादं तरी अक्षर बदललं. दुसरा आकडा हद्दींचा: एखाद्या जनुकाची सुरुवात सरकली, नवं जनुक नोंदलं गेलं, असं काही. तिसरा बाकीच्या तपशिलांचा.

६४ हा आकडा २०११ पासून स्थिर आहे. त्या वर्षी संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या यीस्टची एक कॉलनी घेऊन अक्षरक्रम नव्यानं वाचला आणि १९९६ पासून चालत आलेल्या चुका एकदम दुरुस्त केल्या. पहिल्या गुणसूत्राची लांबी २,३०,२०८ अक्षरं होती ती २,३०,२१८ झाली. दहा अक्षरांचा फरक. अकराव्याची ६,६६,४५४ होती, ती ६,६६,८१६ झाली. ३६२ अक्षरं वाढली.

या ३६२ अक्षरांनी आमचे अडीच महिने खाल्ले. एका विद्यार्थिनीला अकराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक काढून टाकायचं होतं. पद्धत नेहमीचीच. ज्या जागेवर घाव घालायचा तिच्या दोन्ही बाजूंची चाळीस-चाळीस अक्षरं प्रायमरच्या, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या, टोकांना जोडायची, मधे औषधाला दाद न देणारं जनुक बसवायचं, आणि बाकीचं काम यीस्टवर सोडायचं. यीस्ट ते इमानानं करतं. जनुकाच्या हद्दी तिनं प्रयोगशाळेच्या संगणकावर पडलेल्या एका जुन्या तक्त्यातून घेतल्या आणि अक्षरं मात्र नव्या फायलीतून. कॉलन्या आल्या. पीसीआरची पट्टी अपेक्षित लांबीची आली, कारण तपासणीचे प्रायमरही त्याच तक्त्यावरून काढले होते. निकाल इतके विचित्र येत होते की आम्हाला काहीतरी मोठं सापडलं असं वाटू लागलं. शेवटी त्या तुकड्याचा अक्षरक्रम वाचून आणला तेव्हा कळलं की जनुकाचं डोकं जागेवरच होतं आणि कापलं गेलं होतं शेजाऱ्याचं शेपूट.

ती रडली नाही. तिनं तो तक्ता संगणकावरून काढून टाकला आणि दारावर कागद चिकटवला: फाईल उतरवून घेतली की नावात आवृत्ती आणि तारीख लिहा. तो कागद आजही आहे.

०

शिरगणती. टोरोंटोमधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली आधीच्या एकवीस मोजण्या एका मापात आणून यीस्टच्या एका पेशीतल्या प्रथिनांची बेरीज काढली: सुमारे ४ कोटी २० लाख रेणू. हे आकडे एसजीडीवर जनुकागणिक दिसतात. कोणत्या प्रथिनाचे पेशीत लाखो रेणू आहेत, कोणाचे जेमतेम काही शे. प्रयोग आखताना याचा फार उपयोग होतो. आपण शोधतोय ते पेशीत मुळात किती आहे हे आधी कळलं, तर न दिसल्याचा अर्थ लावता येतो.

०

संदर्भ म्हणून जे यीस्ट घेतलं जातं त्याचं नाव एस२८८सी. बर्कलीत रॉबर्ट मॉर्टिमर यांनी ते संकरातून तयार केलं. त्याच्या पूर्वजांतला सर्वांत मोठा वाटा ज्याचा, ते यीस्ट १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावाजवळ एका सडक्या अंजिरावर सापडलं होतं. यीस्ट जनुकशास्त्राची पाळंमुळं त्या एका अंजिरापर्यंत जातात.

एस२८८सी प्रयोगशाळेत वागायला सोपं. पेशी एकमेकींना चिकटत नाहीत, गुठळ्या होत नाहीत. पण हा सोपेपणा बिघाडातून आलेला आहे. त्याचं एफएलओ८ हे जनुक मोडकं आहे. म्हणून ते धाग्यांसारखं लांब वाढून अगारमध्ये घुसू शकत नाही, जे त्याचे रानातले भाऊबंद सहज करतात. कित्येक वर्षं आपण ज्याला ‘यीस्ट’ म्हणून मोजत होतो ते एक विशिष्ट, काही गोष्टी विसरलेलं यीस्ट होतं.

म्हणूनच एसजीडीवर इतर स्ट्रेनचे, म्हणजे यीस्टच्या इतर वाणांचे, अक्षरक्रम शेजारी शेजारी मांडून बघायची सोय आली ती मला फार मोलाची वाटते. एखाद्या प्रथिनावर बोट ठेवलं की डझनभर स्ट्रेनमध्ये कुठं कोणतं अक्षर वेगळं आहे ते रंगांत दिसतं. २०१८ साली जगभरातून गोळा केलेल्या १,०११ यीस्टचे जीनोम एकत्र छापून आले आणि या जातीचा उगम चीनच्या बाजूला असावा, असं त्यावरून दिसलं. एका अंजिरापासून इथपर्यंत.

०

आता ज्या नोंदीबद्दल मला सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ती.

प्रत्येक जनुकाच्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं असतात. याचं प्रथिन नेमकं काय करतं? कोणत्या मोठ्या कामात भाग घेतं? पेशीत कुठं असतं? ही उत्तरं ठरलेल्या शब्दांत लिहायची पद्धत म्हणजे जीन ऑन्टॉलॉजी. माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या डेटाबेसनी मिळून ती १९९८ साली सुरू केली. उत्तरासोबत पुरावा कोणत्या जातीचा आहे तेही लिहावं लागतं. थेट प्रयोग करून पाहिलं, की जनुक बिघडवून पाहिलं, की संगणकानं साधर्म्यावरून अंदाज केला? प्रत्येकाला वेगळं चिन्ह.

त्यात एक चिन्ह आहे एनडी. क्युरेटरनं, म्हणजे निबंध वाचून नोंदी करणाऱ्या शास्त्रज्ञानं, त्या जनुकावरचं उपलब्ध सगळं वाङ्मय पाहिलं आणि त्यात काहीच मिळालं नाही, तर ती जागा तो कोरी सोडत नाही. तिथं ‘माहीत नाही’ अशी रीतसर नोंद करतो आणि तारीख घालतो.

कोरी जागा आणि ही नोंद यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मोजणीच न झालेली जमीन वेगळी आणि मोजून ‘पडीक’ म्हणून लिहिलेली वेगळी. कोऱ्या जागेचा अर्थ कुणीही काहीही लावू शकतो. एनडीच्या ओळीमागं एक माणूस बसलेला असतो. त्यानं वाचलेलं असतं, शोधलेलं असतं, आणि अमुक तारखेपर्यंत कुणालाच ठाऊक नाही हे तो स्वतःच्या जबाबदारीवर सांगत असतो. पुढं कुणी एखादा निबंध छापला की ती ओळ जाते आणि तिच्या जागी उत्तर येतं. मी आवृत्त्यांमधले बदल बघते तेव्हा आधी या ओळी शोधते.

२००७ साली एका निबंधाचा विषयच हा होता, की यीस्टची हजारावर जनुकं अजून अनोळखी का राहिली आहेत. जीनोम वाचून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर आकडा बराच खाली आला, पण पुष्कळ जनुकं अजून तशीच आहेत. पृथ्वीवर इतकी बारकाईनं अभ्यासलेली दुसरी पेशी क्वचितच असेल. तिच्याबद्दलही इतकं ठाऊक नाही, हे रोज डोळ्यांसमोर लिहिलेलं असणं चांगलं.

०

‘संशयित’ हा आणखी एक वर्ग. १९९६ साली अक्षरक्रम वाचला तेव्हा ठरावीक लांबीपेक्षा मोठा, मधे न तुटणारा प्रत्येक तुकडा जनुक म्हणून लिहून घेतला होता. पुढं यीस्टच्या भावकीतल्या जातींचे जीनोम ताडून पाहिल्यावर दिसलं की त्यांतले कित्येक तुकडे शेजारच्या जातींत टिकलेलेच नाहीत. ते बहुधा प्रथिन तयार करत नाहीत. त्यांना संशयित म्हटलं, पण पानं काढून टाकली नाहीत. कारण अनेक प्रयोगांत ते जनुक समजूनच कापले गेले होते. पुष्कळदा असा तुकडा खऱ्या जनुकाच्या अंगावर, उलट्या धाग्यावर पडलेला असतो. तो कापला की खरं जनुक जायबंदी होतं आणि दुखणं याच्या नावावर लागतं. पान असल्यामुळं हे समजतं.

०

२०२१ पासून यीस्टच्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनाच्या घडीचं अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीनं केलेलं भाकीत मिळू लागलं. जनुकाच्या पानावरून तिथं जाता येतं. निळा भाग खात्रीचा, केशरी भाग बेभरवशाचा. अनोळखी जनुकांची चित्रं मी आधी पाहते. सुंदर निळी घडी दिसते आणि शेजारी तीच ओळ: काम माहीत नाही. घराचा नकाशा मिळाला, घरात कोण राहतं ते अजून दारावर जाऊनच विचारायला हवं. विद्यार्थी चित्र पाहून काम झाल्यासारखे खूष होतात तेव्हा मी त्यांना ती ओळ पुन्हा वाचायला लावते.

०

गॅल७.

पानावर रोगांचा भाग आला तेव्हापासून हे पान मी वर्गात दरवर्षी दाखवते. दुधातल्या साखरेचे दोन भाग होतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. गॅलॅक्टोज वापरायला पेशीला तीन पायऱ्या लागतात. पहिलीवर गॅल१ त्याला फॉस्फेट जोडतं. दुसरीवर गॅल७ त्याची अदलाबदल घडवतं. तिसरीवर गॅल१०. माणसातही याच पायऱ्या आहेत. गॅल७ चा माणसातला जोडीदार म्हणजे जीएएलटी. हे जनुक आई-वडील दोघांकडून बिघडलेलं आलं असेल तर नवजात बाळाला आईचं दूध पचत नाही. नुसतं पचत नाही असं नाही, ते विषासारखं होतं. काही दिवसांत यकृत बिघडतं, कावीळ होते, जंतुसंसर्ग पसरतो. वेळेत ओळखलं आणि दूध बंद करून विनालॅक्टोजचं अन्न दिलं तर बाळ वाचतं.

आता प्लेट. डावीकडं साधं यीस्ट, उजवीकडं गॅल७ काढलेलं. दोन्ही ग्लिसरॉलवर, दोन्हीकडं पांढऱ्या, टपोऱ्या कॉलन्या. दुसऱ्या प्लेटमध्ये ग्लिसरॉलच, फक्त थोडं गॅलॅक्टोज घातलेलं. उजवी बाजू मोकळी. खायला ग्लिसरॉल आहे, तरी वाढ नाही. पहिल्या पायरीवर फॉस्फेट जोडलेलं गॅलॅक्टोज साठत जातं, पुढं जायला वाट नाही, आणि त्यातच पेशी थांबते. तिसरी प्लेट मुलांना सर्वांत आवडते. गॅल७ सोबत गॅल१ पण काढलेलं यीस्ट त्याच गॅलॅक्टोजवर पुन्हा उगवतं. विष तयार करणारी पहिली पायरीच नाही, तर साठणार काय? माणसात ती पहिली पायरी औषधानं मंद करता येईल का, याचा शोध याच विचारातून चालू आहे.

चौथी प्लेट: गॅल७ नसलेल्या यीस्टमध्ये माणसाचं जीएएलटी घातलेलं. उगवतं. माणसाचं जनुक यीस्टच्या पेशीत बसून यीस्टचं काम करतं. एसजीडीवर अशा जोड्यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवली आहे: यीस्टचं कोणतं जनुक माणसाच्या कोणत्या जनुकानं भरून निघतं. २०१५ साली ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठात अशा ४१४ जनुकांची रांगेनं तपासणी झाली, ज्यांच्यावाचून यीस्ट जगूच शकत नाही अशांची. जवळजवळ निम्म्यांची जागा माणसाच्या जनुकानं घेतली. आपला आणि यीस्टचा शेवटचा सामाईक पूर्वज अब्जभर वर्षांमागचा.

जीएएलटीमधला क्यू१८८आर हा बदल युरोपीय वंशाच्या रुग्णांत सर्वाधिक आढळतो. एकेका बदलाचं जनुक यीस्टमध्ये घालून कोणता किती घातक हे तपासता येतं. ज्या घरात असं बाळ जन्मलं त्यांच्यासाठी या प्लेटा नुसत्या प्लेटा नसतात.

याच गॅल जनुकांवर आपल्याकडं, आयआयटी मुंबईत, पी. जे. भट यांनी अनेक वर्षं काम केलं. जेम्स हॉपर यांच्याबरोबरच्या त्यांच्या १९९२ च्या कामातून गॅलॅक्टोजची चाहूल लागताच ही जनुकं कशी जागी होतात, त्यात गॅल३ ची भूमिका कोणती आणि तीच भूमिका गॅल१ कशी निभावू शकतं, हे पुढं आलं. गॅल३ च्या पानावरचे निबंध खाली चाळत गेलं की भट यांचे निबंध भेटतात. पुढं पवईच्या आयआयटीत बसून केलेलं कामही स्टॅनफर्डमधल्या कुणीतरी ओळ न ओळ वाचून नोंदलेलं असतं.

०

२०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय जीनोम संस्थेनं अशा डेटाबेसचा पैसा कमी करून सगळे एकत्र आणायचा विचार मांडला. शास्त्रज्ञांनी हजारो सह्यांचं पत्र दिलं. त्याच वर्षी यीस्ट, माशी, कृमी, झेब्राफिश, उंदीर यांचे डेटाबेस आणि जीन ऑन्टॉलॉजी मिळून एक युती झाली. एकाच जागी पाच-सहा सजीवांतलं तेच जनुक शेजारी शेजारी बघता येतं, हा तिचा खरा फायदा. यीस्टमाईन नावाचं जे साधन आम्ही रोज वापरत होतो, मोठ्या याद्या एका फटक्यात काढायला, त्याची जागा आता युतीच्या अलायन्समाईननं घेतली आहे. सवय व्हायला वेळ लागला, पण उंदराची आणि यीस्टची यादी एकाच प्रश्नात मिळते तेव्हा तो वेळ वसूल होतो.

तरी मला वाटतं, पैसा वाचवायचाच असेल तर तो क्युरेटरांच्या पगारात वाचवू नये. निबंधातला सातवा तक्ता उघडून, कोणत्या स्ट्रेनमध्ये, किती तापमानाला, कोणत्या साखरेवर प्रयोग झाला हे वाचणारा माणूस लागतो. संगणक पहिली चाळण करून देतो. दाणा पारखायला माणूसच हवा.

०

ज्या विद्यार्थिनीनं दारावर कागद लावला होता तिच्या हाताला आता एक अनोळखी जनुक लागलं आहे. पत्ता आहे, नाव नाही. तीन अक्षरं आणि एक आकडा, असं नाव सुचवून एसजीडीकडं राखून ठेवता येतं. निबंध छापून आला की ते पक्कं होतं. तीन अक्षरं कामाला धरून हवीत, आधी दुसऱ्या कामासाठी वापरलेली नकोत. गेला आठवडाभर तिच्या वहीच्या मागच्या पानावर अक्षरांची त्रिकुटं वाढतायत. काल तिनं अर्ज भरायला घेतला आणि अर्ध्यावर ठेवून दिला. म्हणाली, मॅडम, माणसाचं जनुक घालून उगवतंय का ते एकदा परत बघते, मग पाठवते. प्लेटा गुरुवारी वाचायच्या आहेत.